दुसरी बाजू संपल्यावर

दुपारचे बरोबर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वार मंगळवार. हे इतकं पक्कं सांगता येतं, कारण ऐकायच्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे आणि कुठली रेकॉर्ड कितीला लावली ते तिथे कागदावर लिहावं लागतं. त्या दिवशीच्या कागदावर तिथे ऐकायला बसणाऱ्या एकीच्या अक्षरात आहे: तीन वीस, दुसरी बाजू. पुढचा रकाना कोरा राहिला.

कारखाना रेकॉर्डींचा. तीन यंत्रं दिवसभर काळ्या चकत्या दाबून काढतात, आणि त्यातली प्रत्येक पन्नासावी ऐकायच्या खोलीत येते. तिथे बसणाऱ्यांना लोक हसतात. बसून गाणी ऐकायचा पगार मिळतो होय? पण तिथे गाणं ऐकायचंच नसतं. गाण्यामागे चरचर आहे का, सुई कुठे अडखळते का, ते ऐकायचं. भाजी निवडताना आपण भाजी बघत नाही, अळी बघतो, तसं.

खोलीत एकच लांब लाकडी फळी आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर सहा प्लेअर, तिच्यापुढे सहा खुर्च्या. सगळ्यांच्या कानावर हेडफोन, त्यामुळे हाक मारून उपयोग नाही. म्हणून फळीवर ठोकायचं. काही सापडलं की बोटाच्या पेराने दोनदा, टक टक. म्हणजे, इथे काहीतरी आहे, कोणीतरी या. शेजारच्याचं कोपर फळीला टेकलेलं असतं, त्याला ते कोपरातून कळतं. त्याने एकदाच ठोकायचं, टक. म्हणजे, कळलं, आलो. आणि एकदा ती टक केली की हातातलं टाकून उठायचं, ठोकणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, जोडीचा हेडफोन लावून तीच जागा ऐकायची. दोष असेल तर खडूची खूण. नसेल तर तळहात फळीवर सपाट ठेवायचा. चालेल, सोड. तोवर ठोकणाऱ्याने जागा सोडायची नाही, आणि ज्याने उत्तर दिलं त्याने येणं चुकवायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण जुनी माणसं शपथ पाळावी तसं पाळतात.

जिने तो कागद भरला, तिच्या तर ते हाडात मुरलेलं. घरी कोणी टेबलावर दोनदा ठोकलं तरी तिचं बोट आपोआप उत्तर द्यायचं. नवरा चिडवायचा, "हिला हाक कशाला मारता, लाकडाचा तुकडा आणा."

तिच्या डावीकडची खुर्ची दादाची. सख्ख्या थोरल्या भावाची. त्यानेच तिला या कामाला लावलं होतं. ती काडीसारखी बारीक, म्हणून तिला तो टाचणी म्हणायचा. अकरा महिन्यांपूर्वी, दुपारच्या चहाच्या सुट्टीत, दादा त्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सगळे चहाला गेले होते. खोलीत दोघंच होती, आणि तिचे दिवस भरत आलेले. कंबर मोडून आली म्हणून ती पाच मिनिटं बाहेर खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाचाची पंधरा झाली. परत आली तेव्हा दादा हेडफोन लावून बसलेला, रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती, आणि त्याचं बोट वाकवून फळीवर टेकलेलं होतं.

भिंतीपलीकडे रेकॉर्डी पाकिटात भरणाऱ्या मावशी बसतात. त्या नंतर रडत रडत म्हणाल्या, "दोनदा ठोकलं गं त्याने. मग परत दोनदा. मला वाटलं तू आहेस तिथे... तू देशील उत्तर."

हे तिने कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. महिन्याभरात बाळ झालं. गोरंगोमटं, गुटगुटीत, दुधावर डोळा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणायला लागले. पण बोका हाकेला वळेना. दार आपटलं तरी दचकेना. पातेलं पडलं तरी आपलं मजेत बोट चोखतोय. सासूबाई म्हणायच्या, "खुशालचेंडू आहे, आजोबांवर गेलाय." आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, "काही मुलं असतात तशी." दहा महिने झाले. शेवटी कानाच्या डॉक्टरांची तारीख घेतली, पुढच्या सोमवारची. आणि तिच्या मनात एकच किडा कुरतडत राहिला. मी दादाचं ऐकलं नाही, म्हणून माझ्या बाळाला ऐकू येत नाही.

तर, तो मंगळवार. सगळे चहाला गेले आणि ती थांबली, कारण त्या दिवशी म्हाताऱ्यांची रेकॉर्ड आली होती.

म्हातारे म्हणजे तो चौघांचा बँड. खरं नाव लांबलचक आहे, पण दादा आणि ती त्यांना म्हातारेच म्हणायची. नाव ठेवलं तेव्हा ते चौघं चांगले तरणेबांड होते, खांद्यापर्यंत केस आणि अंगाला चिकटलेल्या पँटी. दादा म्हणायचा, "हे लोक दात पडेपर्यंत वाजवणार बघ, टाचणे." तसंच झालं. लहानपणी दोघांत मिळून एक हेडफोन होता. एक कान त्याचा, एक तिचा. गिटार तिच्या कानात यायची आणि ड्रम त्याच्या. डोकं लांब नेलं की गाणं अर्धंच राहायचं, म्हणून दोघं डोक्याला डोकं लावून बसायची. आई म्हणायची, "उवा एकाच्या दुसऱ्याला लागतील."

म्हाताऱ्यांनी गेल्या वर्षी जाहीर केलं की आता हा शेवटचा अल्बम, यापुढे नाही. दादा नाचलाच. "आपल्याच कारखान्यात छापणार! पहिली प्रत मी ऐकणार. कोणी हात लावला तर बोटं तोडीन." नंतर अल्बम अर्ध्यावर असताना म्हाताऱ्यांचा ड्रमवाला गेला, आणि त्याच्यामागून महिन्याभरात दादाही.

ती पहिली प्रत आता तिच्यासमोर होती. पहिली बाजू तिने कामासारखी ऐकली, अळ्या शोधत. दुसरी बाजू लावली आणि तिला ते जमेना. तिने कोपरं फळीवर टेकली आणि नुसती ऐकत बसली.

शेवटच्या गाण्यात ड्रम नव्हते. त्या तिघांनी त्याच्या जागी दुसरा कोणी बसवलाच नव्हता. जिथे ठोका पडायला हवा तिथे मोकळी जागा सोडली होती. घरातलं माणूस गेल्यावर त्याची खुर्ची बरेच दिवस कोणी हलवत नाही, वळसा घालून जातात, तसं गाणं त्या जागेला वळसा घालून जात होतं. ते संपलं. सुई आतल्या मोकळ्या रेघेत फिरायला लागली. खर्र... खर्र... अशी चार वेटोळी.

आणि टक टक.

तिचं बोट उठलं आणि फळीवर पडलं. टक.

मग तिच्या लक्षात आलं की खोलीत कोणी नाही.

तिने सावकाश डावीकडे पाहिलं. दादाची खुर्ची फळीत सरकवून ठेवलेली होती, तशीच. उन्हाचा पट्टा तिच्या पाठीवर पडला होता. सगळं लख्ख दिसत होतं, लपायला कुठे अंधार नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. कारण ठोके तिने हेडफोनमधून ऐकले की नाही ते तिला सांगता येत नव्हतं. डाव्या कोपराला मात्र मुंग्या आल्या होत्या.

खोलीचे मुख्य, ज्यांना खडूमुळे सगळे मास्तर म्हणतात, चहाचा कप घेऊन आत आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती.

"मास्तर, शेवटी ठोके आहेत."

मास्तरांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं. "कुठे गं? नुसती खरखर आहे."

"दोन आहेत. डाव्या बाजूला."

"ड्रमवाल्याने काठ्या आपटल्या असतील."

"त्या गाण्याच्या आधीच गेला तो, मास्तर."

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांची नजर दादाच्या खुर्चीवर गेली आणि लगेच कपात उतरली. "बाळाने जागवलं वाटतं काल," ते हळूच म्हणाले. "ती प्रत मोडून टाक. दुसरी मागव. आणि चहा घे आधी, गरम आहे."

दुसऱ्या प्रतीत काही नव्हतं. तिसऱ्या प्रतीत काही नव्हतं. मोडायची प्रत तिने मोडली नाही. पिशवीत, बाळाच्या दुपट्याच्या घडीत घालून घरी आणली. असं करायला सक्त मनाई आहे आणि तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण दादाची पहिली प्रत ती कशी मोडणार?

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जमीन लाकडी फळ्यांची, चाललं की कुरकुरते. नवरा मालाचा ट्रक घेऊन चार दिवसांसाठी बाहेर. सासूबाई बोक्यासमोर चमचे मांडून बसल्या होत्या. पाचचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. तिने दादाचा जुना प्लेअर जमिनीवर ठेवला, बोक्याच्या पाठीमागे, आणि दुसरी बाजू लावली.

"अगंबाई," सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा माणूस गातोय की याचं पोट दुखतंय?"

"म्हातारा झालाय तो, आई."

"मग घरी बसावं की. म्हातारपणी एवढं ओरडलं की खोकला होतो."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. शेवटचं गाणं आलं आणि गेलं. बोका पाठमोरा, चमचा चोखत होता.

खर्र... खर्र...

टक टक.

बोका वळला.

चमचा तोंडातून पडला. त्याने मान वळवून थेट प्लेअरकडे पाहिलं, डोळे मोठे करून, आपलं नाव ऐकल्यासारखं. सासूबाई किंचाळल्याच. "वळला! अगं वळला! ऐकू येतं माझ्या राजाला!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिलाही रडू फुटणार, तेवढ्यात बोक्याने मूठ उचलली आणि जमिनीवर आपटली.

एकदाच. टक.

सासूबाई टाळ्या वाजवत होत्या, बोका त्यांच्याकडे बघतही नव्हता. तिने सुई उचलली. सासूबाईंनी ताट वाजवलं, चमचे वाजवले, कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या. बोका आपला जमिनीकडे बघत बसलेला, खालून काहीतरी येणार असल्यासारखा.

"परत लाव गं," सासूबाई म्हणाल्या. "त्या आवाजाला वळला तो. परत लाव."

तिला लावायचं नव्हतं. पण कुठल्या आईला राहवेल? तिने सुई शेवटच्या रेघेवर ठेवली.

आता हे नीट ऐका. रेकॉर्ड म्हणजे रेघ. एकदा कोरली ती कोरली. शंभरदा लावा, हजारदा लावा, तेच आणि तेवढंच वाजणार. हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, दहा वर्षं तिने तेच काम केलं होतं. पण त्या वेळी दोन ठोके वाजले, थोडं थांबून परत दोन वाजले, आणि मग पुन्हा दोन. कोणीतरी वाट बघून कंटाळल्यासारखे.

आणि बोका रांगायला लागला.

दहा महिन्यांत तो एकदाही रांगला नव्हता. आता दोन्ही हात पुढे टाकत, गुडघे ओढत, प्लेअरला वळसा घालून डावीकडच्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे काही नव्हतं. नुसती भिंत. भिंतीशी जाऊन तो थांबला आणि वर बघून हसला. उभ्या माणसाकडे बघतो तसा नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड जेवढ्या उंचीवर असतं, तेवढ्या उंचीवर बघून.

तिने झडप घालून त्याला उचललं. ज्याने उत्तर दिलं त्याने यायचं. तो नियम तिच्या कानात घणासारखा वाजत होता.

बुधवारी प्लेअरची वायर काढून तो कपाटावर चढवला. तरी बोका दिवसभर त्या कोपऱ्याकडे सरकत राहिला. उचलून आणला की परत. गुरुवारी त्याने दूध सोडलं. जमिनीला कान लावून पडून राहायचा, अंग थंडगार. रडायचाही नाही. मधूनच मूठ आपटायचा, एकदा, आणि वाट बघायचा. मुलांचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले ताप नाही, काही नाही, दात येत असतील. सासूबाईंचं हसू मावळलं होतं.

"सूनबाई," गुरुवारी त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हा कुणाकडे बघतो गं त्या कोपऱ्यात?"

तिने बोक्याचं दुपटं सारखं केलं.

"मी विचारते आहे. मला म्हातारीला सांगितलंस तर काही बिघडणार नाही."

मग तिने सांगितलं. खिडकीशी उभी होते ते सांगितलं, मावशींनी भिंतीपलीकडून काय ऐकलं ते सांगितलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. सासूबाईंनी मधे तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच. शेवटी त्यांनी बोक्याला मांडीवर घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "तुझा भाऊ लेकराचं वाईट करणारा नव्हता. पण ज्याला उठताच येत नाही, तो येईल त्या हाताला धरणार. याने आधी उत्तर दिलं की तू?"

"मी. मंगळवारी."

"मग तुझा नंबर आधीचा. तू जा. याला मी धरून बसते."

शुक्रवारी चहाची सुट्टी झाली तेव्हा ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "मला वीस मिनिटं खोली हवी. एकटीला." तिच्या हातात ती न मोडलेली प्रत होती. मास्तरांनी प्रत पाहिली, तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं.

"त्याच्या खुर्चीवर मी अजून कोणाला बसवलं नाही," ते म्हणाले. "लोक विचारतात, का. मी सांगतो, प्लेअर बिघडलाय." त्यांनी खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

खोलीत जुन्या लाकडाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. तिने दादाची खुर्ची थोडी मागे ओढली, माणूस बसेल एवढी. त्याचा हेडफोन खुर्चीसमोर फळीवर मांडला. जोडीचा स्वतःच्या कानाला लावला आणि खुर्चीच्या मागे, उजव्या अंगाला, नियमाप्रमाणे उभी राहिली. सुई तिने एकदाही न घसरता ठेवली.

"दादा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "टाचणी आहे मी... तुझी पहिली प्रत आणलीय."

गाणं सुरू झालं.

"हे पहिलं... हे तुला आवडेल. गिटारवाला अजून तसाच चढेल आहे बघ. सत्तरीला आला तरी मधे मधे करतो." ती थांबली. बोलता बोलता भीती जरा मागे सरली होती. "दुसरं मला नाही आवडलं. भरतीचं आहे. तू भांडशील माझ्याशी, म्हणशील शब्द ऐक. ऐकले मी शब्द. भरतीचंच आहे."

खुर्ची रिकामी होती. पण हेडफोन लावलेलं माणूस शेजारी असलं की एक प्रकारची शांतता असते, ती तिथे होती. ज्यांनी ते काम केलंय त्यांना कळेल.

"आता हे... इथे ऐक हं. याचा आवाज गेलाय रे. तो वरचा सूर, ज्याच्यासाठी आपण जीव टाकायचो, तो लागतच नाही त्याला. तो एक पायरी खाली थांबतो आणि श्वास घेतो. आणि तो श्वास त्यांनी कापला नाही. मला आधी वाटलं, दोष आहे. खडू उचलणार होते. मग वाटलं, एवढी वर्षं तो वर चढायचा आणि आपण खालून बघायचो. आज तो आपल्यापाशी पायरीवर बसला." तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "तू असतास तर रडला असतास. आणि मग म्हणाला असतास, धूळ गेली डोळ्यात."

शेवटचं गाणं लागलं, ड्रम नसलेलं.

"दादा, ड्रमवाला गेला ते तुला माहीतच आहे. त्यांनी त्याची जागा रिकामी ठेवलीय. तुझ्या कानात यायचे ना ते ड्रम? माझ्या कानात तर आधीपासूनच नुसती गिटार होती. आता कळलं, तेव्हा मला अर्धंच गाणं ऐकू येत होतं. उरलेलं तू ऐकत होतास म्हणून ते पुरं व्हायचं."

गाणं संपलं. खर्र... खर्र...

टक टक.

फळी तिच्या डोळ्यांदेखत हलली. फळीवर पडलेली खडूची पूड थरथरली आणि सरकली. तिला पळून जावंसं वाटलं. पण कोपऱ्याकडे बघून हसणारा बोका तिला दिसला, आणि ती जागची हलली नाही.

"आले," ती म्हणाली. "आले रे दादा. उशीर झाला मला... खिडकीशी होते. कंबर दुखत होती. तू ठोकलंस आणि मी नव्हते." तिला हुंदका आवरेना. "मी ऐकलं सगळं. काही दोष नाही. लेकराला सोड. त्याला काय कळतंय, त्याने चुकून उत्तर दिलं. आले आहे मी."

तिने खडू खाली ठेवला, हात पुढे केला आणि तळहात फळीवर सपाट टेकवला.

"चालेल. सोड."

काही क्षण नुसती सुई खरखरली. मग शेजारी, अगदी शेजारी, खुर्चीचे पाय जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. बसून बसून आखडलेलं माणूस सावकाश उठतं, तसा. तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खुर्ची ती जिथे ठेवली होती त्याच्यापेक्षा हातभर मागे होती. तिने दादाचा हेडफोन उचलला. कानाला लागतात त्या गाद्या ऊबदार होत्या, कोणीतरी आत्ताच काढून ठेवल्यासारख्या.

घरी सासूबाई जिन्यातच भेटल्या, हातात बोका. "किती वाजता झालं तुझं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"चहाच्या सुट्टीत. पावणेचारच्या आसपास."

"पावणेचारला याने त्या कोपऱ्यात तळहात ठेवला जमिनीवर. असा, सपाट. आणि गाढ झोपला. मघाशी माझ्या हातून झाकण पडलं..." त्यांनी बोक्याचा पापा घेतला. "दचकला गं. दचकून रडायला लागला. काय गोड रडला!"

सोमवारी कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. आत पाणी साठलं असावं, म्हणाले, लहान मुलांना होतं, आपोआप उतरलेलं दिसतंय. दोन्ही कान ठणठणीत. बोका आता नावाला वळतो, दाराच्या आवाजाला दचकतो, आणि रात्री शेजारी खोकला तरी उठून बसतो. ती त्याबद्दल कुरकुर करत नाही.

गोष्ट इथेच संपायला हवी होती.

काही आठवड्यांनी नवरा एका फेरीवरून परत आला. त्याच्या ट्रकमधूनच म्हाताऱ्यांच्या रेकॉर्डी गावोगावच्या दुकानांत गेल्या होत्या. तो जेवता जेवता सहज म्हणाला, "एक गंमत ऐक. तिकडे शेवटच्या टोकाला एक दुकानदार आहे, त्याच्या बहिणीच्या घरी ती रेकॉर्ड लावली. शेवटी म्हणे दोन ठोके वाजतात. मी म्हटलं, माझी बायको ऐकते ती रेकॉर्ड, असं काही नाही त्यात. तर तो म्हणतो, वाजतात, आणि बहिणीची धाकटी मुलगी त्याला जमिनीवर ठोकून उत्तर देते. अजून नीट चालतही नाही. घरातले सगळे बघायला जमतात म्हणे, मजा वाटते."

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "कधी? कधीची गोष्ट?"

"परवाची."

परवा म्हणजे बुधवार. दादा तर कितीतरी आधीच, त्या शुक्रवारी उठून गेला होता, तिने खुर्चीचा आवाज ऐकला होता. या बुधवारी दादा जागेवर नव्हता.

आणि तिने तपासलेल्या दुसऱ्या प्रतींत तर काहीच नव्हतं. मग ठोकणारा कोण?

तिला एकदम त्या शेवटच्या गाण्यातली रिकामी जागा आठवली, ज्याला वळसा घालून गाणं जातं. तिथेही कोणीतरी बसलेलं आहे का? त्याला तळहात दाखवायला कोण जाणार, आणि कुठे? की दादालाही ठोकायला लावणारं, त्याच्याही आधीपासूनचं कोणी आहे?

तिने नवऱ्याकडून त्या दुकानदाराचा पत्ता घेतला आणि लगेच पत्र टाकलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

म्हणून हे सगळं सांगायचं. रेकॉर्ड चांगली आहे, म्हाताऱ्यांनी जीव ओतलाय तिच्यात, जरूर ऐका. फक्त दुसरी बाजू संपली की सुई उचला, रेघेत फिरू देऊ नका. लहान मूल घरात असेल तर तेवढा वेळ त्याचे हात हातात धरा. तुम्हालाही तालावर बोट आपटायची सवय असेल, तर बोटं मुठीत ठेवा. ज्यांच्या ज्यांच्या घरी ती रेकॉर्ड असेल त्यांना एवढा निरोप पोचवा. आणि कुठल्या लेकराने आधीच उत्तर दिलं असेल, तर त्याच्या आईला सांगा, रेकॉर्ड लाव, तळहात सपाट टेकव, वाट बघत बसू नकोस. ते रांगत निघायच्या आत तू जा.